गांडूळखताच्या टाकीतले किडे : शत्रू कोण, सोबती कोण?



पाबळसारख्या कमी पावसाच्या भागात जमिनीत ओल टिकवायची तर सेंद्रिय खताशिवाय इलाज नाही. म्हणून पुष्कळ जण गोठ्याशेजारी गांडूळखताची टाकी बांधतात. टाकीवरचं गोणपाट उचललं की खाली पांढरे, तांबूस, राखाडी किडे वळवळताना दिसतात. मग प्रश्न पडतो : "हे आपली गांडुळं तर खात नाहीत ना?" अशा वेळी घाबरून कोणी कीटकनाशक भुकटी मारली, तर किड्यांबरोबर गांडुळंही जातात. तेव्हा औषधाला हात घालण्याआधी या पाहुण्यांची ओळख करून घ्या.

निरुपद्रवी सोबती

टाकीतले बहुतेक बारीक किडे कुजणाऱ्या पाल्यावर, शेणावर आणि बुरशीवर जगतात.

1. उड्या मारणारे बारीक पांढरे किडे : बुरशी खातात. काही करू नका.

2. दोऱ्यासारखे पांढरे कृमी : ही गांडुळाची पिल्लं नव्हेत. पिल्लांना गुलाबी-लालसर झाक असते, हे कृमी निव्वळ पांढरे असतात. ते फार वाढले तर ओल जास्त झाली असं समजा.

3. तांबूस कोळी : खरकटं, आंबट पदार्थ किंवा पाणी जास्त झालं की वाढतात. मेलेल्या गांडुळावर यांची गर्दी दिसते आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. बहुधा गांडूळ आधी मेलेलं असतं, कोळी मागून येतात. कलिंगडाची साल रात्री टाकीवर पालथी ठेवा, सकाळी कोळ्यांसकट उचलून लांब टाका.

4. वाणी (पैसा) : गोल अंगाचा, हळू चालणारा, डिवचला की वेटोळं करणारा. गांडुळाला हात लावत नाही. मात्र उगवतं बी आणि कोवळी रोपं कुरतडतो. म्हणून रोपवाटिकेत खत टाकण्यापूर्वी ते चाळून घ्या.

खरे शत्रू

गोम : हिला वाणी समजू नका. गोम चपटी आणि चपळ असते. तिच्या अंगाच्या प्रत्येक पेराला पायांची एकच जोडी असते, वाणीला बहुतेक पेरांना दोन. गोम शिकारी आहे, गांडूळ मारून खाते. चिमट्याने उचलून काढा, हाताने धरू नका, चावते.

मुंग्या : टाकी कोरडी पडली की शिरतात. टाकीभोवती चर काढून त्यात पाणी ठेवा आणि आत ओल राखा.

उंदीर, चिचुंद्री, कोंबड्या, बेडूक : यांच्यासाठी वरून बारीक जाळी हाच उपाय.

पांढऱ्या जाड अळीचं काय?

शेणात सापडणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणी नसते. अळी सपाट फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती शेणकुजव्या भुंग्याची, खत करायला मदतच करते. तशी सरकली नाही तर संशय धरा आणि वेचून नष्ट करा. ती खताबरोबर शेतात गेली आणि हुमणी निघाली, तर ऊस-भुईमुगाच्या मुळ्या खाईल.

हा पेच फक्त आपल्यापुढेच आहे असं नाही. परदेशात हौशी लोक काचेच्या पेटीत खारं पाणी भरून समुद्रातली पोवळी पाळतात. दगडांच्या फटीत तारामाशाच्या जवळचे, सापासारख्या बारीक हातांचे छोटे जीव दिसले की तेही घाबरतात. पण ते छोटे जीव उरलंसुरलं अन्न आणि गाळ खातात, पोवळ्यांना खात नाहीत. त्यांची एक मोठी हिरवी जात मात्र मासे धरते. म्हणजे तिथेही तेच : सरसकट मारू नका, आधी ओळखा.

गांडुळं मरत असतील तर हे तपासा

- हात आत घाला. गरम लागलं तर शेण ताजं आहे. शेण 15 ते 20 दिवस मुरवूनच भरा.
- मूठभर खत दाबा. एक-दोन थेंब निघाले तर ओल बेताची. धार लागली तर जास्त, भुगा झाला तर कमी. गांडूळ कातडीने श्वास घेतं, ती कोरडी पडली की ते मरतं.
- एप्रिल-मे महिन्यांत सावली पुरेशी आहे का? टाकीतलं तापमान 30 अंशांच्या आत ठेवा.
- आंबूस वास येत असेल तर पाणी थांबवा, वरचा थर हलवून मोकळा करा.

बी.एच.सी. पावडरवर 1997 पासून बंदी आहे. कोठीत जुना डबा पडला असला तरी तो उघडू नका. दुसरी कोणतीही भुकटी किंवा दाणेदार औषधही टाकीत टाकू नका. किडे वाढले म्हणजे टाकी काहीतरी सांगते आहे. ओल, ऊन आणि शेण या तीन गोष्टी जागेवर आणा, किड्यांची गर्दी आपोआप ओसरेल.