गेम तोच, डबा चुकला!

परीक्षा संपल्या संपल्या मित्राच्या रूमवर ‘किंग्ज क्वेस्ट ४’ लावला. १९८८ चा डॉस गेम. सुरुवातीलाच राजा ग्रॅहम कोसळतो, सीन एकदम सीरियस. आणि मागे भलतंच वाद्य किंचाळतंय! मित्र म्हणाला, ‘जुने गेम असेच वाजायचे गं.’ मलाही आधी तसंच वाटलं. चूक आमची होती.

कसंय, मिडीमध्ये आवाज नसतोच. असतात फक्त सूचना : अमुक नंबरचं वाद्य, हा सूर, एवढ्या जोरात. वाजवणारा असतो साउंड मॉड्यूल, म्हणजे बाहेरून जोडायचा डबा. रोलँडचं एमटी-३२ आलं १९८७ मध्ये. सिएरा कंपनीच्या गेम्सनी ते उचलून धरलं. गेम सुरू होतानाच स्वतःचे खास आवाज एमटी-३२ च्या मेमरीत भरायचा. काही गेम तर त्याच्या इवल्याशा स्क्रीनवर मेसेजही झळकवायचे. (हे मला फार आवडलं!)

पुढे १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ आलं आणि १२८ वाद्यांचे नंबर ठरून गेले. रोलँडचं एससी-५५ त्याच वर्षीचं. १९९३ चा ‘डूम’ या पिढीचा. पण एमटी-३२ चे नंबर वेगळे! एससी-५५ मध्ये एमटी-३२ मोड आहे, त्याने वाद्यांचा क्रम जुळतो. गेमने पाठवलेले खास आवाज मात्र ते घेतच नाही. म्हणजे ‘कम्पॅटिबल’ वाचून सेकंडहँड मॉड्यूलवर पैसे घालवले, तर अर्धंच काम होणार.

खुद्द एमटी-३२ मध्येही गोची आहे. हेडफोनचं भोक नसलेलं जुनं मॉडेल असेल, तर नंतरच्या काही गेम्सचा डेटा त्याला झेपत नाही, स्क्रीनवर एरर येतो. नवं घ्यावं, तर सुरुवातीचे काही गेम त्यावर नीट वाजत नाहीत. म्हणून आधी गेम ठरवा, मग डबा.

आमच्याकडे तर डबाही नव्हता. डॉसबॉक्समधून सगळ्या सूचना विंडोजच्या जनरल मिडीवाल्या सिंथकडे जात होत्या. मग ‘मंट’ हा एमटी-३२ चा फुकट एम्युलेटर टाकला. तो चालायला मूळ मशीनच्या रॉम फाइल्स लागतात आणि त्यांचे हक्क रोलँडचे, हे लक्षात ठेवा.

पुन्हा राजा कोसळला. या वेळी मित्राने की-बोर्डला हातच लावला नाही. सीन संपल्यावर म्हणाला, ‘परत लाव.’