पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की निगडी-आकुर्डीपासून चाकणच्या कामगार वस्तीपर्यंत घरोघरी जो हिशेब मांडला जातो, तो बहुधा आरंभीच चुकतो : मुलीला ९५ पर्सेंटाईल, म्हणजे २०० पैकी १९० गुण! वस्तुतः हा आकडा गुणांचा नव्हेच. ज्या सत्रात ती परीक्षेस बसली, त्या सत्रात हजर असलेल्यांपैकी जितक्यांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी भरले, त्या संख्येस एकूण हजेरीने भागून शंभराने गुणावयाचे, इतकाच त्यामागील विधी आहे.

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते, व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. ‘दुपारच्यांना सोपा पेपर आला’ ही फिर्याद तेथूनच उद्भवते. परंतु समजा, सकाळच्या अवघड सत्रात २०,००० विद्यार्थी बसले व त्यांपैकी १९,००० जण ११० गुणांपर्यंतच पोहोचले; दुपारच्या सोप्या सत्रात तितक्याच विद्यार्थ्यांपैकी तितकेच जण १२४ गुणांपर्यंत पोहोचले; तर सकाळचे ११० आणि दुपारचे १२४ या दोहोंचे पर्सेंटाईल ९५ च होय. कोणाच्या पदरात गुण टाकले नाहीत, की कोणाचे कापले नाहीत.

याच न्यायाने प्रत्येक सत्रातील अग्रणी विद्यार्थ्यास, त्याचे काही प्रश्न चुकले असले तरी, १०० पर्सेंटाईल मिळतात. म्हणून ‘शंभरवाले’ एकाहून अधिक निघाल्यास त्यात गौडबंगाल शोधू नये. विषयवार पर्सेंटाईलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाईलशी ताडून पाहण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे, कारण एकूण पर्सेंटाईल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात.

शंका घ्यावयाचीच असेल, तर ती या पद्धतीच्या मूळ गृहीतावर घ्यावी. सर्व सत्रांतील विद्यार्थिसमूह गुणवत्तेने सारखे आहेत, असे ती धरून चालते; विद्यार्थ्यांची विभागणी यदृच्छया झाली आणि सत्र हजारोंचे असले तर ते बव्हंशी खरे ठरते, सत्र लहान असल्यास तितकेसे नाही. शिवाय काठिण्यातील तफावत या गणिताने भरून निघते, सदोष प्रश्नांनी सत्रांतर्गत क्रमात केलेला घोटाळा मात्र निघत नाही. २०२५ साली २७ एप्रिलच्या एका सत्रातील गणिताच्या प्रश्नांत चुका आढळल्या, तेव्हा ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षास त्या सत्राची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली.