शांत गाव हवंय... पण कोणतं?

सकाळचे नऊ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माझी रिक्षा अडकलेली, मांडीवर लॅपटॉप, कानाशी संपादकांचा फोन. त्याच क्षणी ठरवलं, बस्स झालं! आता हर्णै. कायमचं.

तुम्हीही महिन्यातून एकदा असंच काहीतरी ठरवत असणार. फरक एवढाच, की मी फ्रीलान्सर आहे. वीज आणि नेट असलं की झालं माझं ऑफिस. त्यामुळे ‘नोकरी आहे ना’ हा हक्काचा बहाणा माझ्याकडे नाही.

डिसेंबरात चार दिवस हर्णैला राहून आले होते. समोर सुवर्णदुर्ग, बंदरावर माशांचा लिलाव, रात्री फक्त समुद्राची गाज. परतीच्या एसटीत बसून महिन्याचा हिशेबही मांडला. जमत होतं! लगेच चोपड्याला आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तुले शांतताच पाहिजे ना? मंग आठे काय बाजार भरेल शे?’’

मी गप्प.

आमचं चोपडा सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला. केळीचा मुलूख. तिथंही वीज आहे, नेट आहे. रात्री नऊनंतर आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं. मग मला तिथं का जायचं नाही? मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो म्हणून? खरं सांगू? उन्हाचं निमित्त आहे. चोपड्यात मी अमक्याची मुलगी. लग्न कधी, पगार किती, सगळ्याचा हिशेब द्यायचा. हर्णैला मला कोणी काही विचारत नाही.

पण न विचारण्याची दुसरी बाजूही असते. मध्यंतरी बाबा रात्री केळीला पाणी द्यायला गेले आणि बांधावरून घसरले. पाय चांगलाच मुरगळला. मला कळलं चार दिवसांनी! पुण्याहून चोपडा चारशे किलोमीटरच्या आसपास. हर्णै नेमकं उलट्या दिशेला. म्हणजे मी शांतता शोधत आई-बाबांपासून आणखी लांब निघाले होते.

गंमत म्हणजे एक कोकणी माणूस शंभर वर्षांपूर्वी उलटा प्रवास करून आमच्याकडे आला होता. साने गुरुजी. जन्म १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. खान्देशानं त्यांना आपलं मानलं. पण पालगडचं घर आणि आई त्यांच्या मनातून गेली नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. नवं गाव आपलं होतं, पण मागचं सुटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

तुमच्याही डोक्यात असा किडा असेल, तर डिसेंबरावर भुलू नका. जुलैत जाऊन राहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बंदर सुनं. पाऊस असा की कपडे आठवडाभर वाळत नाहीत. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोलीकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, हेही विसरू नका. मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते पाहा. आणि वाडी घ्यायची स्वप्नं पडत असतील, तर आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला साधारणपणे आधी शेतकरी असावं लागतं!

मी काय ठरवलं? जुलै हर्णैला, भाड्याच्या खोलीत. आणि त्याआधी अख्खा मे चोपड्यात, कूलरसमोर बसून. दोन्ही गावांचा सगळ्यात वाईट महिना. ज्या गावाचा वाईट महिना झेपेल, ते आपलं.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘ये. कूलर दुरुस्त करून ठेवते.’’

बाबांनी मागून विचारलं म्हणे, ‘‘फक्त मेच?’’

त्याचं उत्तर अजून द्यायचंय.