प्रत आहे, पण ती उघडते का?

मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत धवला, जयधवला या ग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके श्रद्धेने जपली गेली. परंतु अभ्यासकांना ठाऊक असलेली प्रत तेवढीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या श्रावकांनी नकला करून घेण्याचा ध्यास घेतला. पुढे १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला अमरावतीहून छापून येऊ लागली.

आज ट्रस्टच्या देणगीनोंदी, सभासदयादी, पाठशाळेची हजेरी संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असते. ‘बॅकअप रोज होतो’ एवढ्या उत्तरावर विश्वस्त समाधान मानतात. ते पुरेसे का नाही, हे ‘गिटलॅब’ या जगद्विख्यात कंपनीच्या अनुभवावरून कळते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसच पुसला. सुमारे ३०० जीबींपैकी ४.५ जीबी उरले. मग बॅकअपचा शोध सुरू झाला. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, तर प्रत काढणारे साधन ९.२ चे, त्यामुळे रोजची प्रत निघतच नव्हती. त्या अपयशाची सूचना देणारे ई-मेलही पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत मिळाली, हे केवळ सुदैव! ती मूळ जागी आणण्यास सुमारे अठरा तास लागले आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने मात्र हे सारे उघडपणे जगापुढे मांडले, हे तिचे मोठेपण.

संस्थेपुरते पाहता, नुसत्या फाइली उतरवून भागत नाही. चालू डेटाबेसच्या फाइलींची जशीच्या तशी नक्कल अर्धवट निघू शकते. त्याची प्रत डेटाबेसच्याच साधनाने काढावी लागते. सर्व्हरची मांडणी आणि पासवर्डही सुरक्षित हवेत. एक प्रत दुसऱ्या शहरात असावी आणि सर्व्हरला ती पुसण्याचा अधिकार नसावा; अन्यथा सर्व्हरमध्ये शिरलेला चोर दोन्ही नष्ट करील.

खरी परीक्षा कोऱ्या संगणकावर होते. तेथे त्या प्रतीवरून संपूर्ण संकेतस्थळ उभे करावे, कालची देणगी पावती उघडून पाहावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. पर्युषणात देणगीदारांची रीघ लागते, तेव्हा अठरा तास सर्व्हर बंद ठेवणे परवडणारे नाही. श्रावण लागण्यापूर्वीचा एखादा रविवार या कामी खर्ची घालावा.