सहा सिलिंडरचे जुने इंजिन : आधी ओळख, मग खर्च

आजोबांच्या काळातली मोटार शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असते. केळीचे पैसे हाती आले की 'यंदा हिचे इंजिन बांधून घेऊ' असे घरातला तरुण म्हणतो. हौस चांगली आहे. पण इंजिन कोणते हे नक्की न करता पिस्टन आणि रिंगा मागवल्या तर त्या बसत नाहीत आणि पिकाचा पैसा भंगारात जातो.

विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच धमाका होतो. म्हणून त्याला जड चाक लागते. सहा सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्याच दोन फेऱ्यांत सहा धमाके सारख्या अंतराने होतात. म्हणून ते हादरे न देता चालते.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांत अशा इंजिनांची दोन घराणी ध्यानात ठेवावीत. पहिले शेवरलेचे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९२९ च्या मॉडेलपासून शेवरलेला सहा सिलिंडर आले. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. दुसरे घराणे जोंगाचे. निसानच्या परवान्याने ही लष्करी गाडी १९६९ पासून जबलपूरला तयार होत असे. रावेरवरून जाणारा लोहमार्ग इटारसीहून पुढे त्याच जबलपूरला पोहोचतो. लष्कराने काढून टाकलेल्या काही जोंगा पुढे लिलावाने नागरिकांकडे आल्या.

गाडीच्या पत्र्यावरून किंवा नावाच्या पट्टीवरून इंजिन ओळखू नये. जुन्या गाडीत दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवलेले असू शकते. ब्लॉकवरचा नंबर आधी टिपावा. मग हेड उतरवून मापे घ्यावीत.

मापे दोन : सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर आणि पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक. पिस्टन अगदी वर आणून ब्लॉकच्या कडेपासून त्याची खोली मोजावी. मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन अगदी खाली न्यावा व पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक.

शेवरलेच्या २१६ घन इंचाच्या इंजिनाचा बोअर ८८.९ मि.मी. आणि स्ट्रोक ९५.२५ मि.मी. त्याच घराण्यातल्या २३५ चा बोअर ९०.५ आणि स्ट्रोक १००. जोंगाचा बोअर ८५.७ आणि स्ट्रोक ११४.३, एकूण ३९५६ सीसी.

येथेच फसगत होते. २१६ चे इंजिन पूर्वी कोणी 'साठ साईज' बोअर करून घेतले असेल, तर त्याचा बोअर जवळजवळ २३५ एवढाच भरतो. बोअर झिजतो, वाढवलाही जातो. त्याच क्रँकवर स्ट्रोक मात्र बदलत नाही. म्हणून साक्ष स्ट्रोकची मानावी आणि पिस्टनचा आकार बोअरवरून ठरवावा.

ओळख पटली की पुढचे काम. मेन बेअरिंगच्या टोप्या व पुशरॉड काढताना त्यांवर क्रमांक घालावेत. एकाची जागा दुसऱ्याला देऊ नये. २१६ च्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाईट मेटल थेट ओतलेले असते. तयार बेअरिंग आणून ते काम भागत नाही, ओतणारा व घासून बसवणारा जाणता कारागीर लागतो. तो मिळतो की नाही, हे इंजिन पूर्ण खोलण्याआधीच पाहावे.

हेड लांब असल्याने वाकते. त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट पाहावी. बसवताना बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. विहिरीच्या जड पाण्याने आतल्या वाटांत क्षार साचतो, तो खरवडून काढावा. नाहीतर उन्हाळ्यात नवे गॅस्केटही जळते. ठिणगीचा क्रम शेवरलेत १-५-३-६-२-४ असा आहे.

शेवटी कागद. आर.सी. बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवावा. न जुळल्यास आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद लागते. ब्लॉकला तडा नाही, क्रँक घासून पुन्हा वापरता येतो, कारागीर आहे आणि कागद जुळतो, या चारही गोष्टी असतील तरच पैसा घालावा. एकही नसेल, तर तो पैसा ठिबकच्या नळ्यांना ठेवावा आणि गाडी तशीच झाकून ठेवावी.