नोटोरियस म्हणजे नामवंत नव्हे!

आमच्या शेजारचा एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला. त्याआधी त्याने भारी भारी इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी तोंडपाठ केली होती. साहेबांनी विचारले, 'वडील काय करतात?' वडील कारखान्यात फिटर. तीस वर्षांत विनाकारण एक खाडा नाही. वडिलांचा मान वाढवावा म्हणून मुलगा म्हणाला, 'माय फादर इज अ नोटोरियस वर्कर.' समोरचे तिघेही हसले. घरी येऊन डिक्शनरी उघडली तेव्हा त्याला कळले, की नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध! यादीत नुसता 'प्रसिद्ध' एवढाच अर्थ दिला होता.

आम्ही म्हणतो, यात मुलाचा दोष कमी आणि पाठांतराच्या पद्धतीचा जास्त. म्हणून वर्णनाच्या शब्दांविषयी चार गोष्टी आज आपल्या मुलामुलींसाठी देत आहोत.

पहिली गोष्ट, अर्थ जवळचा असला तरी भाव वेगळा असतो. तुटपुंज्या पगारात घर चालवणारी आई काटकसरी असते. तिला चिक्कू म्हटले तर तिला वाईट वाटेल की नाही? इंग्रजीतही तसेच आहे. 'थ्रिफ्टी' हा कौतुकाचा शब्द, तर 'स्टिंजी' हा निंदेचा. निश्चयी माणूस 'डिटरमाइन्ड', हेकट माणूस 'ऑब्स्टिनेट'. निरागस तो 'चाइल्डलाइक', पोरकट तो 'चाइल्डिश'. एका शब्दाने स्तुती होते, दुसऱ्याने अपमान.

दुसरी गोष्ट, शब्दाची शेपटी ओळखावी. 'फुल' म्हणजे असलेला, 'लेस' म्हणजे नसलेला. 'होपफुल' आशावादी, 'होपलेस' आशा नसलेला. 'केअरफुल' सावध, 'केअरलेस' निष्काळजी. अशा जोड्या केल्या की एका शब्दाच्या कष्टात दोन पदरात पडतात. पण इथेही फसगत होते. 'प्राइसलेस' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. शब्दापुढे 'इन' लागले की बहुधा अर्थ उलटा होतो, पण 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे असे समजू नका. 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे! टँकरवर, डब्यावर हा शब्द दिसला की विडी-काडी दूर ठेवावी. कामावर जाणाऱ्या घरातल्या माणसांनाही हे जरूर सांगा.

तिसरी गोष्ट, शब्दाचा जोडीदार पाहावा. आपण चहा कडक म्हणतो, पाऊस मुसळधार म्हणतो. मुसळधार चहा कोणी म्हणत नाही. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. म्हणून सुटा शब्द पाठ करू नये, जोडी पाठ करावी.

चौथी गोष्ट वहीची. जुन्या वहीची उरलेली पाने चालतील. रोज फक्त तीन शब्द घ्यावेत. डिक्शनरीतून स्पेलिंग नीट उतरवावे, शेजारी मराठी अर्थ लिहावा आणि खाली आपल्या घरातल्या माणसावर एक वाक्य स्वतः तयार करावे. डिक्शनरीत उदाहरणाचे वाक्य असेल तर ते आधी वाचावे, कारण शब्दाचा खरा स्वभाव तिथेच कळतो. घरी डिक्शनरी नसेल तर वाचनालयात जाऊन पाहावी. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. रात्री जेवताना 'आज कोणते तीन शब्द शिकलास?' एवढे विचारले तरी पुरे. रोज तीन म्हणजे वर्षाला हजाराच्या वर शब्द होतात.

शेजारच्या त्या मुलाने आता अशीच वही केली आहे. परवा वडिलांनी हसत विचारले, 'मग माझ्यासाठी कुठला शब्द सापडला रे?' मुलाने वही उघडून वाचले, 'स्किल्ड, पंक्च्युअल, डिपेंडेबल. म्हणजे कसबी, वेळेचे पक्के आणि भरवशाचे, बाबा!'