बारा वाजले की माघारी : टिपागडच्या एका दिवसाचा हिशेब

उंचीची यादी केली तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांना त्यात जागा मिळणार नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गडचिरोलीच्या ईशान्येस, छत्तीसगडच्या सीमेजवळचा टिपागड जुन्या नोंदींप्रमाणे सुमारे २,००० फूट, म्हणजे जेमतेम ६०० मीटर. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढलेला माणूस हा आकडा पाहून म्हणतो, 'अर्ध्या दिवसाचं काम.' हा अंदाज चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेणे म्हणजेच इथल्या एका दिवसाचे नियोजन.

टिपागड हा नुसता डोंगर नाही. माथ्यावर तळे आहे, तटबंदीचे अवशेष आहेत. मध्य प्रांताच्या १८७० च्या गॅझेटियरनेही त्याची दखल घेतली आहे. पुरम राजा हा इथला गोंड राजा. तो लढाईत पडला असा समज होऊन राणीने तळ्याचा तळ जवळ केला, अशी लोककथा आहे. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान आहे. म्हणजे आपण 'अनवट ट्रेक' म्हणून जिथे जातो, ते दुसऱ्या कुणाचे देवघर असते. जाण्याच्या तयारीत पहिली गोष्ट ही.

आता घड्याळाकडे पाहू. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे, गडचिरोली ८० अंशांवर. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सूर्य एक नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य गडचिरोलीत साडेपाचलाच मावळतो. डोंगराच्या सावलीत आणि दाट झाडीत पाचलाच अंधारते. पुण्या-मुंबईच्या सवयीने 'सहापर्यंत उजेड आहे' म्हणणाऱ्याच्या हातून अर्धा तास आधीच गेलेला असतो.

वेळेचा अंदाज बांधायला जगभरचे डोंगरभटके एक जुना ठोकताळा वापरतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला : सपाटीवर दर तीन मैलांना एक तास, शिवाय चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात, पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास. समजा, गावापासून माथा आठ किलोमीटर दूर आहे आणि चढ ४०० मीटरचा आहे. नाइस्मिथच्या हिशेबाने जाऊन-येऊन चार तास पुरतात. पण तो ठोकताळा उघड्या माळाचा आहे. बांबूच्या रांजीतून वाकून जाताना, वाळलेल्या पाचोळ्यात पाय कुठे पडतो ते बघत, नाल्यांच्या फाट्यांवर थांबत चालताना ताशी अडीच किलोमीटर झाले तरी पुष्कळ. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा दिसतात, बांबू दिसत नाही.

म्हणून हिशेब नव्याने मांडू. सकाळी सातला गाव सोडले. चढणीला पावणेचार तासांहून थोडे अधिक आणि विश्रांतीचा अर्धा तास धरला, तर माथा अकरा वीसला. तळ्याकाठी चाळीस मिनिटे. बाराला परत फिरलो तर साडेतीनला गावात. सूर्यास्ताला दोन तास शिल्लक राहतात आणि ते चुकीसाठी राखलेले असतात : मुरगळलेला पाय, हरवलेली पायवाट. त्यामुळे कागदावर पहिली वेळ माथ्याची लिहू नये, माघारीची लिहावी. माथा दिसत असो वा नसो, बारा वाजले की परत.

हे दोन तास का जपायचे? कारण संध्याकाळ जंगलाची असते. देसाईगंज, म्हणजे वडसा, परिसरात ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद केलेल्या 'सीटी-१' या वाघाने तीन जिल्ह्यांत १३ माणसांचा जीव घेतला होता. छत्तीसगडमधून २०२१ मध्ये आलेल्या हत्तींच्या कळपाने तर जिल्ह्याच्या या भागात चालण्याचे नियमच बदलले. धान कापणीला आले की हत्ती गावांजवळ येतात, आणि नेमके तेच दिवस आपल्याला हवे तसे थंड असतात. चंद्रपूरकडच्या नागभीड भागातील पेरजागडावर, म्हणजे सातबहिणी डोंगरावर, धोका आणखी लहान आकाराचा आहे. तिथे मधमाश्यांच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. कड्याखाली आग्या मोहोळ दिसले की धूर, अत्तर, आरडाओरडा, सगळे वर्ज्य.

ऋतूची निवडही अरुंद आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे हिवतापाचे भय असते. गडचिरोलीत मेंदूला ग्रासणारा प्रकारही आढळतो. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो हे आधी सांगावे. मार्चपासून मोहफुलांचा हंगाम आणि वणवे, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि ४५ अंशांपुढचा पारा. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही माणशी चार लिटर पाणी पाठीवर हवे.

आणि या डोंगराचा वेगळाच एक थर जमिनीखाली आहे. नक्षल चळवळीचे एक दलम टिपागडच्या नावाने ओळखले जाई. मे २०२४ मध्ये पोलिसांना याच डोंगरात पुरून ठेवलेली स्फोटके सापडली, काही प्रेशर कुकरमध्ये भरलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पण माणसाने शस्त्र ठेवले म्हणून मातीतली वस्तू निकामी होत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात आणि वनविभागाकडे विचारणा केल्याशिवाय निघू नये. 'नाही' म्हटले तर ते उत्तर समजावे, अडथळा नव्हे.

तिसरी परवानगी ग्रामसभेची. वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांना. सामूहिक वनसंपत्तीत कोणी कसे वावरावे हे ठरवण्याचा अधिकार हा कायदा ग्रामसभेला देतो. गावातला वाटाड्या घेणे ही सोय नाही, ती या व्यवस्थेची मान्यता आहे. त्याची मजुरी आधी ठरवावी आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा.

हे मी शिकलो ते याच पट्ट्यातल्या एका डोंगरावर. माथा अर्ध्या तासावर होता, घड्याळात साडेदहा. आमचा वाटाड्या नाल्यात थांबला, हत्तीची लीद पायाने उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "आज वर नाही जायचं, भाऊ." आमच्यातल्या एकाने वाद घातला : आवाज नाही, हालचाल नाही, वेळही हातात आहे. तो काही बोलला नाही, फक्त उतरू लागला. आम्ही मागोमाग गेलो, मनातून चिडलेले. वर हत्ती होते की नव्हते हे आम्हाला कधीच कळले नाही. बरोबर घेतलेल्या निर्णयाचा पुरावा मिळत नाही. तो मिळतो चुकीच्या निर्णयाचाच.

निघण्यापूर्वी शेवटचे एक काम उरते. गावात एका माणसाला सांगून जायचे : कोणत्या वाटेने जाणार, किती जण, किती वाजता परत आणि किती वाजल्यानंतर काळजी करायची. मोबाइलला वर भरवशाची रेंज नसते, १०८ ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते. टिपागडच्या राणीची कथा ऐकताना मला नेहमी हेच वाटते. राजा जिवंत होता की नाही हे कळायच्या आत तिने समज करून घेतला. ओसरीवर वाट पाहणाऱ्याला नेमकी वेळ सांगून गेलेला माणूस त्याच्यावर अंदाज बांधायची पाळी आणत नाही.